लेकरांना घरात, वावरात, रस्त्यावर होणाऱ्या इजा: विदर्भातल्या गावांतून नेहमी येणारे प्रश्न

हे प्रश्न आया, आज्या, अंगणवाडी सेविका आणि आशाताई विचारतात. अलीकडे बापही विचारू लागले आहेत, याचं फार बरं वाटतं. उत्तरं बारा वर्षांपर्यंतच्या लेकरांना धरून लिहिली आहेत. अपघात टाळायचा कसा हे आधी सांगितलं आहे, आणि घडलाच तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं तेही.

"लेकरावर लक्ष ठेवा" असं सगळेच सांगतात. मला पहाटे पाणी, मग स्वयंपाक, मग निंदण. लक्ष ठेवू तरी कधी?

तुमचं बरोबर आहे. नुसत्या लक्षावर विसंबून लेकरू सुरक्षित राहत नाही, कारण अपघाताला पुरतात तेवढे क्षण प्रत्येक आईचं लक्ष दुसरीकडे असतंच. म्हणून जागा बदला. एका दुपारी घरात प्रत्येक खोलीत खाली जमिनीवर बसा आणि तिथून हाताला काय काय लागतं ते पाहा. सुरी, रॉकेलची बाटली, कूलरची वायर, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या, पाण्यानं भरलेली बादली. जे हाताला लागेल ते उचलून वर ठेवा, कुलपात घाला किंवा झाका. काही महिन्यांनी पुन्हा बसा, कारण तेवढ्यात लेकरू उभं राहायला, मग चढायला शिकलेलं असतं.

सकाळी सात ते दहा ही वेळ सगळ्यात धोक्याची. चूल पेटलेली, पाणी तापलेलं, ढोरं सोडायची, जो तो घाईत. तेवढ्या वेळापुरतं घरातल्या एका मोठ्या माणसानं दुसरं काहीही करू नये, फक्त लेकरू सांभाळावं. आठ वर्षांच्या ताईवर दोन वर्षांचा भाऊ सोपवू नका. ती स्वतः लेकरू आहे, आणि काही झालं तर तो भार ती जन्मभर वाहते. अंगणवाडी चालू असेल तेवढे तास लहानग्याला तिथे पाठवा. लहान मुलं बुडू नयेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना जे उपाय सांगते, त्यात देखरेखीखालचं पाळणाघर हा एक मोठा उपाय आहे.

चूल खालीच आहे, गॅस कधी भरलेला तर कधी रिकामा. लेकरू भाजू नये म्हणून काय करावं?

चुलीपुढे अडसर हवाच. विटांची गुडघ्याएवढी भिंत किंवा दाराला आडवी फळी लावली तरी रांगतं लेकरू थांबतं. जमलं तर ओट्यावर चूल घ्या.

गावाकडे लेकरं जाळापेक्षा गरम पाण्यानं, चहानं आणि वरणानं जास्त भाजतात. अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घाला, मग गरम. उलटं केलं आणि मधे कुणी हाक मारली, तर उकळतं पाणी तसंच उभं राहतं आणि लेकरू त्यात हात घालतं. गरम पाण्याचा गंज घेऊन घरातून चालताना "बाजू व्हा" असं मोठ्यानं म्हणायची सवय लावा. लग्नात, महाप्रसादाच्या वेळी वरणाचे गंज जमिनीवर ठेवतात आणि पोरं मागं मागं सरकत पळतात. ती मागच्या मागं गंजात पडतात, आणि अशी भाजलेली पाठ फार खोल भाजते. पंगतीच्या जागेत गंज टेबलावर ठेवा, नाहीतर भोवती दोरी बांधा आणि एक माणूस उभा करा.

कापूस घरात साठवलेला असेल तर त्या खोलीत दिवा, उदबत्ती, बिडी काहीच नको. पोरांना त्या ढिगात उड्या मारायला फार आवडतं. लहान मूल त्यात तोंड खाली करून रुतलं तर त्याचा आवाजही बाहेर येत नाही. दाराला कडी वरच्या बाजूला लावा.

भाजल्यावर कोलगेट लावायचं की हळद?

दोन्ही नाही. शाई, बटाटा, शेण, तेल, बर्फ, काही नाही. भाजलेला भाग साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावा, कारण रडणाऱ्या लेकरापुढे पाच मिनिटंही तासासारखी वाटतात आणि माणूस लवकर थांबतो. नळ नसेल तर लोट्यानं ओतत राहा. लगेच जमलं नाही, तर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. कपडे, कडं, करदोडा काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, लहान बाळं लवकर गारठतात. मग स्वच्छ सुती कापडानं सैल झाकून निघा. जखम लेकराच्या तळहाताहून मोठी असेल, चेहरा, हात, पाय किंवा लघवीची जागा भाजली असेल, किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर दवाखाना टाळू नका.

उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसून पोरं जातात. कूलर तर लागतोच ना?

लागतोच. पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर कूलरशिवाय लेकरू झोपणार कसं? पण आपला पत्र्याचा कूलर नीट पाहा. पंपाची वायर पाण्यातून येते, पत्र्याच्या कडेवर घासते आणि तिचं आवरण कुठेतरी सोललं जातं. खालची फरशी गळून ओली झालेली असते. लेकरू अनवाणी येतं आणि गार वाटतं म्हणून दोन्ही हातांनी पत्रा धरतं. घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनच्या प्लगची जाड पिन मोडलेली असेल, तर सगळा करंट त्या लेकराच्या अंगातून जमिनीत उतरतो.

दरवर्षी कूलर काढाल तेव्हा वायरमनकडून वायर, पंप आणि अर्थिंग तपासून घ्या. घराला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. करंट गळू लागताच तो क्षणात वीज तोडतो. दुकानदार एमसीबी पुढे करेल. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते, पण माणसाला शॉक बसताना ती पडेलच असं नाही. टाकीत पाणी भरताना प्लग काढायचा. नुसतं बटन बंद केलं तर चालत नाही, कारण बऱ्याच घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. आणि पाणी मोठ्यांनीच भरायचं.

चिकटलेल्या लेकराला हातानं ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं लेकराला बाजूला करा. शॉक बसल्यावर लेकरू नीट बोलत असलं तरी दवाखान्यात न्या.

रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडतात. त्याचं काय?

मेन लाइनवरून थेट तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यानं शेजाऱ्याचं लेकरू मरतं. पीक वाचवायची अडचण खरी आहे. त्यासाठी बॅटरीवरचं, प्रमाणित झटका मशीन येतं. ते थांबून थांबून क्षणाचा झटका देतं. त्यातही जुगाड करून मेन लाइन जोडू नका. तारेवर लाल चिंध्या बांधा आणि वाडीतल्या पोरांना ती तार हातानं दाखवून ठेवा.

शेततळं, विहीर, नाला, मामा तलाव. पोरं ऐकत नाहीत. कशी अडवायची?

शेततळ्याचं आधी सांगते, कारण ते दिसायला साधं असतं. काठाला उतार, त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळ. पाय घसरला तर पोहणारा मोठा माणूसही वर चढू शकत नाही, हाताला धरायला काहीच नसतं. म्हणून चारी बाजूंना कुंपण, आणि प्रत्येक बाजूला काठावरच्या खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेला गाठींचा जाड दोर. दोन रिकामे बंद कॅन दोराला बांधून काठावर ठेवा. कुणी पडलं तर तेच फेकायचे. वाचवायला एकामागून एक उड्या मारून दोघं-तिघं जातात, असं आपल्याकडे वारंवार होतं. पोरांना हे आधी शिकवा: मित्र बुडत असेल तर आत जायचं नाही, ओरडायचं, आणि ओढणी, काठी, दोर फेकायचा.

विहिरीला कठडा आणि वर जाळी हवी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे बोड्या (छोटी तळी) आणि मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) घराला लागूनच असतात. तिथे घराच्या मागच्या दाराला कडी हाच मोठा उपाय. पावसाळ्यात रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी चाललं असेल तर शाळा बुडाली तरी चालेल. लहान लेकरासाठी तर बादली, टाकं, ढोरांचं पाण्याचं टाकं हेच धोके आहेत. वर्षा-दोन वर्षांचं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं, तेही आवाज न करता. वापर झाला की बादली पालथी करा. सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलामुलींना, दोघांनाही, मोठ्यांच्या देखरेखीत पोहायला शिकवा.

बाहेर काढलेल्या लेकराला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात वेळ जातो. श्वास चालू नसेल तर पाठीवर सपाट झोपवा, हनुवटी वर करा आणि तोंडावाटे पाच श्वास द्या. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध, छातीच्या एक तृतीयांश जाडीइतकं खोल, भराभर तीस वेळा दाबा. मग दोन श्वास, पुन्हा तीस. १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हे एकदा करून पाहून शिका. वाचून हात बसत नाही.

पावसाळ्यात घरात साप निघतात. लेकरू खाली झोपतं.

बाज असेल तर बाजेवर झोपवा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. खाली झोपणं टळत नसेल तरी मच्छरदाणी हवीच. रात्री घरात शिरून झोपलेल्याला चावतो तो बहुधा मण्यार, आणि खोचलेली मच्छरदाणी त्याला अडवते. पऱ्हाटीचा (कापसाच्या काड्यांचा) ढीग, विटा, सरपण घराला टेकून रचू नका. धान्य उघडं ठेवलं की उंदीर येतात आणि त्यांच्यामागं साप. पोरांनी अंधारात बाहेर जाताना टॉर्च आणि चप्पल घ्यायचीच.

मण्याराचा चावा आईला कळतच नाही, म्हणून नीट वाचा. सूज नाही, रक्त नाही, कधी दातांची खूणही दिसत नाही. लेकरू पहाटे उठून म्हणतं, पोटात दुखतं. उलटी होते. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही. खाली झोपलेल्या लेकराचं पावसाळ्यात असं झालं तर अपचन समजून ओवा देत बसू नका, मण्यार धरूनच पळा.

साप चावल्यावर बांधायचं की नाही? आणि मांत्रिक?

बांधू नका, कापू नका, चोखू नका. लेकराला चालू देऊ नका. चावलेला हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. पैंजण, कडं, काळा दोरा काढा, कारण सूज आली की ते रुततात. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस (आपल्याकडची परड) आणि फुरसं या चारींवर एकच लस चालते. लेकराला लस कमी लागते असंही नाही, कारण सापानं सोडलेलं विष तेवढंच असतं. डॉक्टर मोठ्यांइतकीच मात्रा देतात, तेव्हा घाबरू नका.

पुजारी किंवा मांत्रिक घरचाच माणूस असतो, त्याच्यावर विश्वास असतो, हे आम्हाला कळतं. पण बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. ती लेकरं मंत्राशिवायही वाचली असती. ज्याला खरंच विष चढलं त्याचा एकेक तास मोलाचा आहे. मांत्रिकालाच सांगा, दादा, तुम्हीही गाडीत बसा. अनेक जण येतात.

विंचवाचं काय?

काळ्या मोठ्या विंचवापेक्षा लहानसा लाल विंचू लेकराला जास्त घातक. नुसतं दुखत असेल तर वेगळी गोष्ट. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छाती धडधडणं यातलं काही दिसलं तर हृदयावर परिणाम होतो आहे असं समजा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन ही गोळी यावर वापरून दाखवली आणि त्यानंतर लाल विंचवाचे मृत्यू फार कमी झाले. म्हणजे उपचार आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. सात-आठ वर्षांच्या आतल्या लेकराला विंचू चावला तर लक्षणांची वाट न पाहता न्या. चप्पल, बूट, वाळत घातलेले कपडे झटकून घालायची सवय लावा.

फवारणीचं औषध कुठे ठेवायचं?

राहत्या घरात नको. कोठ्यात (गोठ्यात) ठेवत असाल तर कुलपाच्या पेटीत, उंच. दुसऱ्या बाटलीत ओतू नका. पाण्याच्या किंवा थंड्याच्या बाटलीत ठेवलेलं औषध लेकरू पाणी समजून पितं. रॉकेलचंही तेच. रिकाम्या डब्याला भोकं पाडा. घरात तेलाला, पाण्याला किंवा पोरांना खेळायला देऊ नका. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, पुढे पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. मोठ्या माणसाचं कातडीतून, श्वासातून असं होतं, तर त्याच वावरात झोळीत निजलेल्या बाळाचं काय होईल? फवारणीच्या दिवशी लेकरू वावरात न्यायचं नाही. बापानंही अंघोळ करून, कपडे बदलूनच लेकराला उचलायचं.

पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा. डबा सोबत घेऊन निघा. त्यावरचं नाव वाचून डॉक्टर लगेच उपचार ठरवतात.

शाळेतली पोरं चंद्रज्योतीच्या बिया खाऊन आजारी पडली. हे झाड विषारी आहे का?

हो. बी चवीला बदामासारखी लागते, म्हणून एकानं खाल्ली की सगळे खातात, आणि थोड्या वेळात उलट्या-जुलाब सुरू होतात. शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेऊन काढून टाका. एरंडी, धोतरा, गुंज, पिवळी कण्हेर यांच्या बियाही तशाच. त्यातल्या काही तर जिवावर बेततात. पोरांना झाडापाशी नेऊन दाखवा.

घशात काही अडकलं तर?

पाच वर्षांच्या आत अख्खे फल्लीदाणे, फुटाणे, बोरं, सुपारी देऊ नका. कूट करून द्या. लेकरू खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा मारा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. मोठ्या लेकराला पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते. खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जळू लागते. रडत नसलं तरी तसंच मोठ्या दवाखान्यात न्या.

कुत्र्याचा नुसता दात लागला, रक्त नाही. सुई लागेल का?

ओरखडा असला तरी लागेल. आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद नाही. पहिली सुई त्याच दिवशी घ्या आणि पुढच्या तारखा चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शन लागतं, ते मागून घ्या. रेबीज एकदा झाला की औषध नाही. पोरं मार बसेल म्हणून कुत्रा चावल्याचं लपवतात; तुमच्या लेकराला खात्री हवी की सांगितलं तर कुणी रागावणार नाही.

वावरात आणि यंत्रांपाशी काय जपायचं?

तुरी कापल्यावर जमिनीत तिरक्या कापाचे खुंट राहतात. ते धसकट चप्पल फोडून पायात घुसतं, आणि पळताना पडलेल्या लेकराच्या डोळ्यात. कापणी झालेलं वावर हे खेळायचं मैदान नव्हे. खोल रुतलेलं धसकट घरी उपसू नका, आणि धनुर्वाताची सुई विचारा. नेहमीच्या लसीकरणात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही असते.

कडबा कुट्टी, मळणी यंत्र आणि ट्रॅक्टर यांपाशी लेकरू नको, याला अपवाद नाही. चालकाशेजारी मडगार्डवर बसवलेलं पोर एका खड्ड्यात चाकाखाली जातं. ट्रॅक्टर मागं घेण्याआधी खाली उतरून मागं पाहा. बोट तुटलं तर तुकडा स्वच्छ ओल्या कापडात, मग पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट लावू नका.

डोक्यावर पडलं, पण लगेच खेळायला लागलं. न्यायचं का?

दिवसभर आणि रात्री पाहत राहा. पुन्हा पुन्हा उलटी, न उतरणारी गुंगी, झटके, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, वागणं बदलणं, यातलं एकही दिसलं तर न्या. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर दाखवाच. गच्चीला कठडा करेपर्यंत जिना बंद ठेवा.

मोटरसायकलवर लेकरू कसं न्यावं?

टाकीवर बसवू नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी केंद्राचा नियम आहे: चालकाला बांधणारा पट्टा, डोक्यावर हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मागच्या चाकाला जाळी हवी. टाच चाकाच्या आऱ्यांत जाऊन मांस निघण्याचे प्रकार फार होतात. बारा वर्षांच्या पोराच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २०१९ च्या कायद्याप्रमाणे २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वीज कडाडते तेव्हा पोरं वावरात असली तर?

पक्क्या घरात या. चमक दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज जवळ आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या मोहाच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेची सूचना देणारं दामिनी ॲप फोनमध्ये घ्या. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावा, श्वास द्या, छाती दाबा.

सणांच्या दिवसांत?

संक्रांतीला नायलॉन मांजा घरात येऊ देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ पासून त्यावर बंदी घातली आहे. दिवाळीत न फुटलेला फटाका पुन्हा हातात घ्यायचा नाही, त्यावर पाणी ओता. पोळ्याला सजलेला बैल शांत वाटतो, पण ढोलानं बिचकतो. लहानग्यांना तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीपुरतंच ठेवा.

रात्री दोन वाजता असं काही झालं तर? आमच्या गावापासून फाटा चार किलोमीटर आहे.

आजच ठरवून ठेवा. गावात कुणाची चारचाकी आहे, त्याचा नंबर दारामागं भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहा, खाली १०८. सापाची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात असते हे पावसाळ्याआधी आशाताईंना विचारून घ्या. रपटा बुडाला तर दुसरा रस्ता कोणता, तेही. १०८ ला फोन लावून तिची वाट पाहत घरी बसू नका. आपण निघायचं आणि फाट्यावर गाठ घालायची, चालकाशी फोन चालू ठेवायचा. लसीकरणाचं कार्ड, औषधाचा डबा आणि चार्ज केलेला फोन सोबत घ्या. आधार कार्ड शोधण्यात वेळ घालवू नका. काहीच मिळालं नाही तर मोटरसायकलवर दोघांनी निघा, लेकरू मधे. शुद्धीवर नसेल तर मागच्यानं त्याची मान मागं-पुढं कोसळू न देता धरावी, तोंड एका बाजूला ठेवावं आणि श्वास चालू आहे ना ते वाटभर पाहत राहावं.